फुगडी अर्धवट सोडून उठलीस, त्याबद्दल

बाय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. छापा म्हणालीस पण नावगाव नको म्हणालीस, म्हणून देवगड तालुक्यातली एक जण एवढंच सांगते आणि मजकूर थोडक्यात देते, म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल आपण कशावर बोलतोय. वय ४७, दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल, पाळी आता कधी येते कधी नाही. तीन-चार वर्षं झाली, खोकलं, शिंकलं, मोठ्याने हसलं, भरलेली कळशी उचलली की लघवीचे थेंब सुटतात. गेल्या गौरीला ओटीवर फुगडी घालताना मध्येच परकर ओला झाला, पायाला मुंग्या आल्या असं खोटंच सांगून बाजूला झालीस आणि रात्रभर परत फेरात गेली नाहीस. भजनाला दाराशी बसतेस. मुंबईला भावाकडे जायचं असलं की आदल्या दुपारपासून पाणी बंद. गेल्या महिन्यात त्यात उन्हाळी लागली, लघवीला जळजळ, मेडिकलवाल्याने तीन गोळ्या दिल्या, थोडं बरं वाटलं, परत झालं. शेजारीण म्हणते पिशवी काढून टाक. नवरा ५६ चा, तो रात्री तीन-चारदा उठतो आणि म्हणतो वय झालं. आणि शेवटी तू लिहिलंस, "सिस्टर, हे माझ्या एकटीलाच आहे का अजून कुणाला असतं? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको."

खरंच सांगते. एकटी नाहीस, आणि याचे आकडे आहेत, पण आकड्यांच्या आधी ते आकडे जमतात कसे ते सांगू दे, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मी चौतीस वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी उपकेंद्रातली नर्स होते, त्यातली बरीचशी मालवण तालुक्यात. घरोघर फिरून रजिस्टरं भरली, गरोदर किती, डोस कोणाचे राहिले, तापाचे किती, जुलाबाचे किती, कोणाचं हिमोग्लोबिन किती, सगळ्याला कॉलम. लघवी सुटते का, याला मी भरलेल्या एकाही रजिस्टरात कॉलम नव्हता. कॉलम नाही म्हणून विचारायचं नाही, विचारलं नाही म्हणून कोण सांगणार नाही, आणि वर गेलेल्या रिपोर्टात गाव एकदम कोरडं ठणठणीत. मी पण त्यातलीच हो, दुसऱ्या बाळंतपणानंतर दीड वर्ष मला शिंकताना त्रास होता आणि मी उपकेंद्रात बसून दुसऱ्यांच्या लघवीत पट्ट्या बुडवत होते, स्वतःचं मात्र एका बाईला सांगितलं नाही, डॉक्टरला तर सोडच.

एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं होतं, म्हटलं बायका जमल्यात तर दोन शब्द बोलूया. विचारलं, लघवीचा काही आजार, काही त्रास आहे का कुणाला? सगळ्या गप्प. एक हात नाही, दोघी तर पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं बरं ते राहू दे, शिंक आली की पाय आवळून उभं कोण कोण राहतं? बाहेर जाताना आत जुनेराची घडी कोण ठेवतं? कोपऱ्यात सत्तरीच्या पुढची एक आजी सुपारी कातरत होती, ती मान वर न करता म्हणाली, "ह्यां काय दुखणां गो? ह्यां तर सगळ्यांकच होता." झालं. मग जी बोलणी सुटली ती सुटली, चहा गार झाला, वाण वाटायचं राहिलं, एक जण म्हणाली लावणीचे दिवस बरे, इरल्याखाली सगळंच भिजलेलं असतं, कोणाला काय कळतंय. हात मोजायचं माझं राहूनच गेलं.

तर बघ, त्याच बायका, तीच दुपार. पहिल्या प्रश्नाला शून्य आणि दुसऱ्याला जवळजवळ अख्खी ओटी. मोठमोठ्या सर्व्हेत पण हाच प्रकार होतो. जगभरचे अभ्यास शेजारी शेजारी ठेवले तर बायकांमध्ये लघवी सुटण्याचं प्रमाण ५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत कुठेही सापडतं, त्यातले बहुतेक २५ ते ४५ च्या मध्ये पडतात. तू म्हणशील ५ काय नि ७० काय, हा काय आकडा झाला? पण कोणी विचारतं "आयुष्यात कधी तरी झालंय का", कोणी "गेल्या महिन्यात", कोणी "आठवड्यातून एकदा तरी", कोणी फक्त पंचविशीतल्यांना विचारतं कोणी साठीच्या पुढच्यांना, मग आकडा कसा एक येणार. आणि व्याख्या पण बदलली. लघवीच्या तक्रारींच्या व्याख्या ठरवणारी डॉक्टर मंडळींची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या १९७९ च्या व्याख्येत लघवी अशी सुटायला हवी होती की त्याने चारचौघांत किंवा स्वच्छतेची अडचण होते आणि डॉक्टरला ते तपासून दाखवता येतं. २००२ मध्ये त्यांनी ते सोपं केलं, बाई म्हणते आपोआप सुटते ना, मग झालं, थेंब असो की लोटा. आता तुझी शेजारीण जी "मला काय नाय हां, फक्त खोकल्यावर जरासं" म्हणते ती जुन्या व्याख्येत बसत नव्हती, नव्यात बसते.

नॉर्वेमधल्या एका अख्ख्या जिल्ह्यात बायकांना याबद्दल विचारलं होतं, सुमारे २८ हजार बायकांची उत्तरं होती, ते २००० मध्ये छापून आलं. २५ टक्के म्हणाल्या हो, सुटते. चौघीतली एक. पण त्यातच "बऱ्यापैकी सुटते आणि मला त्याचा जाच होतो" अशा ७ टक्के. मला हे दोन आकडे एकत्र सांगायला आवडतात, कारण पहिला ऐकून धीर येतो आणि दुसऱ्यावरून कळतं की सगळ्यांचं सारखं नसतं, काहींना खरंच उपचार लागतात आणि "सगळ्यांनाच होतं" म्हणून त्यांना घरी पाठवणं हा पण अन्यायच. आमच्या त्या आजीचं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं, नंतर वाटायला लागलं की त्या वाक्यानेच किती जणी गप्प बसल्या असतील.

आपल्याकडचं सांगते. इंडियन जर्नल ऑफ युरॉलॉजीमध्ये २०१३ मध्ये एक अभ्यास आला, दवाखान्यात आलेल्या ३ हजार बायकांना विचारून केलेला, त्यात २२ टक्क्यांच्या आसपास निघालं आणि त्यातल्या बहुतेकींचं तुझ्यासारखंच, खोकल्या-शिंकल्यावर सुटणारं. आता दवाखान्यात आलेल्या म्हणजे मुळात काहीतरी दुखतंय म्हणून आलेल्या, अख्ख्या गावाचा आकडा तसाच्या तसा तो नव्हे, तेवढं ध्यानात ठेव. तरी हिशोब करून बघ, तुमच्या भजनी मंडळात वीस बायका धरल्या तर चार-पाच. फुगडीच्या फेरात बारा धरल्या तर तीन. त्या दिवशी तू ओटीवरून उठलीस तेव्हा अजून दोघी मनातल्या मनात म्हणत असतील, बरं झालं ही उठली, आता मला पण उठता येईल.

आणि फक्त बायका नाहीत. २००६ मध्ये एक मोठा सर्व्हे छापून आला, युरोपातले चार देश आणि कॅनडा, १९ हजारांवर माणसं, बाया नि बाप्ये दोन्ही, १८ वर्षांच्या पुढची, आणि सगळ्यांना फोनवर विचारलेलं. (फोनवर समोरचा दिसत नाही म्हणून माणूस बोलतो. तू तरी मला मेलच केलास ना, समोर असतीस तर लेकाच्या लग्नाबद्दल विचारून गेली असतीस.) त्यात ६४ टक्के लोकांना लघवीची काही ना काही तक्रार होती, कोणाला वारंवार जावं लागतं, कोणाला धीर धरवत नाही, कोणाची धार बारीक, कोणाला झालं तरी अजून राहिलीय असं वाटतं. सगळ्यात कॉमन म्हणजे रात्री उठणं. एकदा तरी उठणारे धरले तर साधारण निम्मे लोक, दोनदा किंवा जास्त म्हटलं की पाचातला एक, बायकांत थोडं जास्त. म्हणजे तुझा नवरा पण काय जगावेगळा नाही, पण तीन-चारदा म्हणजे "वय झालं" म्हणून सोडण्यासारखं पण नाही, त्याच्याकडे येते मी.

आधी तुझं. खाली ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय, गर्भपिशवी, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग सगळं त्या झोळीवर टेकलेलं. खोकलं की वरून दाब येतो आणि झोळी सैल असली, किंवा लघवीच्या वाटेचं तोंड आवळणारा स्नायू कमजोर पडला, की थेंब सुटतो. बाळंतपणात ती झोळी ताणली जाते, पाळी जाताना हार्मोन कमी होतात तेव्हा तिथली कातडी-स्नायू पातळ पडतात, वजन वाढलं, जुनाट खोकला असला, संडासला कुंथावं लागत असलं, रोज जड उचललं की अजून भर. फक्त बाळंतपणाला दोष देऊ नको, त्याच नॉर्वेच्या अभ्यासातल्या पासष्टीच्या आतल्या बायका बघितल्या तर नॉर्मल बाळंतपण झालेल्यांत २१ टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत १६, आणि एकही मूल न झालेल्यांत १० टक्के. दहातली एक, जिला मूलच नाही! हे मी मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे बिनलग्नाच्या मुलीला असा त्रास झाला तर ती बिचारी मेली तरी तोंड उघडणार नाही.

दुसरा एक प्रकार असतो, त्यात खोकण्याचा संबंध नसतो, लघवीची एकदम इतकी जोरात कळ येते की मोरीपर्यंत पोचेपर्यंतच होते, कुलपात चावी घालताना होते, नळाचं पाणी ऐकलं की होते. ते मूत्राशयाच्याच स्नायूचं चाळे करणं. वय वाढेल तसं ते वाढत जातं आणि बऱ्याच जणींना दोन्ही थोडं थोडं असतं. तू लिहिलंस त्यावरून तुझा पहिला प्रकार वाटतो पण डॉक्टर विचारतील तेव्हा नीट सांग, कारण दोघांचे उपचार वेगळे.

आता उन्हाळी. शब्द आपला छान आहे पण फसवा आहे, ऊन लागलं म्हणून झाली, दोन दिवस धने-जिऱ्याचं पाणी पी, संपलं, असं वाटतं. पाणी कमी पडून लघवी कडक पिवळी झाली तर जळजळतं हे खरं, आणि वैशाखात आपल्याकडे घाम असा गळतो की लघवीच्या पिशवीत जमायला काही उरतच नाही. पण वारंवार थोडी थोडी लघवी, शेवटी कळ, वास, गढूळपणा, हे असलं तर ते इन्फेक्शन. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी होतंच. कारण साधं आहे, बाईची लघवीची वाट असते ४ सेंटीमीटरच्या आसपास, पुरुषाची २० च्या आसपास, आणि बाईचं तोंड गुदद्वाराच्या जवळ. आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू, चारातल्या तीन इन्फेक्शनला तरी तोच जबाबदार, त्याला चढायला आपल्याकडे अंतर ते किती. यात घाण राहण्याचा, चारित्र्याचा काही संबंध नाही, पुढून मागे धुवायचं एवढं पुरे, आत साबण-डेटॉल नको.

मेडिकलवाल्याच्या तीन गोळ्यांचं मात्र मला खटकलं. तीन दिवसांचा कोर्स काही औषधांचा असतो, नाही असं नाही, पण कुठलं औषध, कुठल्या जंतूवर, हे कोणी बघितलं? परत झालं म्हणतेस म्हणजे एक तर ते औषध त्या जंतूवर चाललंच नाही, किंवा ते इन्फेक्शनच नव्हतं. आता परत जळजळ झाली तर गोळी घ्यायच्या आधी लघवी तपासायला दे, साधी आणि कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात ती) दोन्ही. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात पण त्यात स्पष्ट लिहून येतं कुठलं औषध लागू पडेल. बाटली लॅबमधूनच घे, घरची लोणच्याची धुतलेली बाटली नेऊ नको (हसू नको, आणतात), पहिली धार सोडून मधली धर.

आणि पाणी बंद करणं बंद कर. ज्यांना वरचेवर इन्फेक्शन होतं आणि ज्या मुळात पाणी कमी पितात अशा १४० बायकांवर एक चांगला प्रयोग झालाय, २०१८ मध्ये छापला, निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. पाण्याला काय पैसे पडत नाहीत. मला माहितीय तू का पीत नाहीस, हायवेवर गाडी थांबते ती रात्री दीडला, हॉटेलच्या मागे ती जागा, कडी नाही, बल्ब नाही, एकीने दार धरायचं एकीने जायचं. म्हणून सांगते, जमेल तेव्हा कणकवलीहून किंवा वैभववाडीहून रेल्वे पकड, संडास कसा का असेना, डब्यात असतो तरी. एसटीनेच जायचं तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेहमीसारखं पी, निघायच्या आधी दोन तास कमी कर, चढायच्या आधी जाऊन ये, आणि चहा टाळ, चहा-कॉफीने काहींना कळ लवकर येते. सोलकढी, कोकम सरबत, शहाळं याबद्दल विचारलं होतंस, खुशाल पी, पाणीच आहे ते, फक्त त्याने इन्फेक्शन "धुऊन" जातं अशा भरवशावर राहू नको.

पिशवी काढण्याचं ऐकून तर मला घाम फुटला. गर्भपिशवी काढणं हा लघवी सुटण्यावरचा उपाय नाही. पिशवी वेगळी, लघवीची पिशवी वेगळी, आपल्याकडे दोघींना पिशवीच म्हणतात म्हणून हा घोळ. अंग बाहेर येत असेल, खाली बसल्यावर काहीतरी उतरल्यासारखं हाताला लागत असेल, तर ती गोष्ट निराळी, ते गायनॅकला दाखवायलाच हवं, आणि त्यावर पण ऑपरेशन हा एकच मार्ग नसतो, आत बसवायची रिंग मिळते. पण शेजारणीच्या सांगण्यावरून कुठे ॲडमिट होऊ नको.

मग करायचं काय? व्यायाम. आता तोंड वाकडं करू नको. १९४८ मध्ये केगल नावाच्या अमेरिकन गायनॅक डॉक्टरने त्या झोळीचा व्यायाम लिहून ठेवला, म्हणून त्याला सगळे केगल म्हणतात. २०१८ मध्ये या विषयावरचे चांगले अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा खोकल्या-शिंकल्यावर सुटणाऱ्या बायकांत व्यायाम केलेल्यांपैकी ५६ टक्के म्हणाल्या आम्ही बऱ्या झालो, न केलेल्यांत ६ टक्के. एवढा फरक पडणारी गोळी असती तर मेडिकलसमोर लाईन लागली असती.

कसा करायचा ते नीट वाच, कारण बऱ्याच जणी चुकीचा करतात. चारचौघांत बसलीयस आणि गॅस येतोय, तो दाबून धरताना आत जे आवळतं, ते. तेच पुढच्या बाजूला पण, लघवी अडवल्यासारखं, आणि वर ओढल्यासारखं. मांड्या नाही आवळायच्या, कुल्ले नाही, पोट आत नाही ओढायचं, श्वास नाही रोखायचा. तू जे पाय आवळून उभी राहतेस ना, त्यात मांड्यांना व्यायाम होतो, झोळीला नाही. आधी आडवी पडून शिक, मग बसून, मग उभ्याने. आवळायचं, जमेल तितके सेकंद धरायचं, दोन-तीन जमले तरी चालतील, हळूहळू वाढवायचे, मग पूर्ण सोडायचं, सोडणं पण तितकंच महत्त्वाचं. असं एका वेळी ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, आणि किमान ३ महिने. पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडून देतात, तिथेच घात होतो. लघवी करता करता मध्येच धार अडवून बघायचा खेळ रोज खेळू नको, एखाद वेळ स्नायू सापडावा म्हणून ठीक, सवय वाईट. आणि एक युक्ती, शिंक येतेय असं वाटलं, कळशी उचलायचीय, की त्याच्या क्षणभर आधी आत आवळ आणि मग शिंक. आठवडाभर विसरशील, मग अंगवळणी पडेल.

मी स्वतः चुलीसमोर बसून करायची, भाकरी तव्यावर टाकली की आवळायचं, उलटली की सोडायचं. भाकऱ्या करपल्या थोड्या.

वजनाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, जास्त असेल तर थोडं उतरव, २००९ मध्ये वजन जास्त असलेल्या बायकांवरचा एक अभ्यास आला होता, वजन ८ टक्क्यांच्या आसपास उतरवलं तर लघवी सुटण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. संडासला खडा होत असेल तर त्यावर उपाय कर, जुना खोकला असेल तर तो दाखव. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाहीतर ओरोसला जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे का विचार, एकदा कोणीतरी तपासून सांगितलेलं बरं की तू बरोबर जागी आवळतेस. एवढं करून नाही राहिलं तर छोटं ऑपरेशन असतं, लघवीच्या वाटेला खालून पट्टीचा आधार देतात, पण ते पुढचं. आणि शुगर तपास, तू पण नि नवरा पण. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर लोकांना डायबेटिस आहे आणि कित्येकांना पहिली शंका येते ती सारखं लघवीला जावं लागण्यावरून, वरचेवर इन्फेक्शनवरून.

आता नवरोबा. पुरुषांना लघवीच्या वाटेभोवती प्रोस्टेट नावाची सुपारीएवढी ग्रंथी असते, ती वयाबरोबर वाढते, पन्नाशीतल्या निम्म्या पुरुषांत वाढलेली सापडते, ऐंशीच्या पुढे दहातल्या आठ-नऊ जणांत. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही. पण धार बारीक झालीय का, सुरू व्हायला वेळ लागतो का, शेवटी थेंब थेंब पायजम्यावर पडतात का, ते विचार. आणि एक गोष्ट मोजायची, रात्री उठतो तेव्हा दर वेळी किती होते? चमचाभर चमचाभर होत असेल तर बहुतेक प्रोस्टेट किंवा मूत्राशय. दर वेळी भरपूर होत असेल तर शरीर रात्री जास्त लघवी बनवतंय, मग शुगर, पायाला सूज, संध्याकाळी घेतलेली बीपीची लघवीची गोळी, झोपताना प्यायलेलं तांब्याभर पाणी, मोठ्याने घोरणं, हे सगळं बघायला लागतं. सर्दीच्या गोळ्या मात्र त्याला स्वतःच्या मनाने देऊ नको, प्रोस्टेटवाल्याची काही गोळ्यांनी लघवी पूर्ण अडकते, आमच्या वाडीत एकाला भर पावसात रात्री होडीतून पलीकडे नेऊन नळी घालावी लागली होती.

लगेच डॉक्टरकडे कधी जायचं ते एका दमात सांगते: लघवीत रक्त, दुखत नसलं तरी, एकदाच दिसलं तरी, आणि विडी-सिगारेटवाला असेल तर अजिबात थांबायचं नाही, थंडी वाजून ताप आणि कमरेच्या बाजूला दुखणं, लघवी अडकणं, पाय बधिर पडून लघवी-संडासवरचा ताबा जाणं. गरोदर बाईला जळजळ झाली तरी त्याच दिवशी दाखवायचं.

भावाच्या सात वर्षांच्या मुलाचं शेवटी जाता जाता विचारलंस, अंथरूण ओलं करतो म्हणून वहिनी मारते. त्या वयाच्या शंभर मुलांत पाच ते दहा जण करतात, बहुतेकांचं आपोआप थांबतं, तो मुद्दाम करत नाही. मारू नको म्हणावं. सहा महिने कोरडं राहून परत सुरू झालं असेल तर मात्र तपासा.

डॉक्टरकडे जायच्या आधी तीन दिवस डायरी लिही, वहीच्या एका पानावर, किती वाजता काय प्यायलीस, किती वाजता लघवी, किती झाली, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतीस. किती झाली हे कळायला जुनं मापाचं भांडं मोरीत ठेव. डॉक्टरसमोर जीभ अडखळते म्हणतेस ना, मग बोलू नको, ते पान पुढे सरकव. मी दहा वर्षांत कितीदा बघितलंय, तोंडाने "जरा त्रास आहे" म्हणणारीच्या पानावर दिवसातून नऊ वेळा लिहिलेलं असतं.

आता ज्येष्ठ लागेल. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भरले तीन महिने, आणि मग गौरी. आजपासून धरलंस तर हिशोब बरोबर बसतो. पूर्ण थांबलं नाही तर पॅड लाव, पण पाळीचा नको, तो घट्ट रक्तासाठी बनवलेला असतो, पातळ लघवी भसकन आली की बाजूने वाहते. लघवीसाठीचे वेगळे पॅड मिळतात, कणकवलीत मोठ्या मेडिकलमध्ये विचार, लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून दे. आणि फेरात आधी बसफुगडी टाळ, उभी घाल.

डायरीचं पान मला पण पाठव, दोघांचं. मापाची भांडी दोन वेगवेगळी घ्या, त्याच्यावर खूण कर, नाहीतर रात्रीचे आकडे एकमेकांत मिसळतील आणि डॉक्टर तुझ्यावरच प्रोस्टेटची औषधं लिहून देतील.

तुझी,
सिस्टर